आक्काचं कुत्रं आणि वीस टक्के फॅट

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार कुणाचे असतील, तर ते माझ्या थोरल्या आक्काचे. माझं बी.कॉम. तिच्या म्हशींनी केलं. हे मी म्हणत नाही, तीच म्हणते. काळ्या झग्यातला माझा फोटो घेऊन मी पहिल्यांदा तिच्या घरी गेलो, तेव्हा तिनं तो पदराला हात पुसून घेतला, लांब धरून बघितला आणि दाजींना म्हणाली, "डिग्री म्हशीनं घेतली, ह्यानं नुसता फोटो काढला." आमच्या घरात तोवर कुणी पदवी घेतली नव्हती, त्यामुळं अशा वेळी कौतुक कसं करायचं हे कुणालाच माहीत नव्हतं. आक्कानं तिच्या पद्धतीनं केलं. तो फोटो तिनं गोठ्याकडं तोंड असलेल्या भिंतीवर लावला. म्हशींनाही दिसावा म्हणून, असं दाजी सांगतात.

आक्काला दिलं ते निपाणी-चिकोडी रस्त्यावरच्या एका गावात. कॉलेजसाठी मी तिच्याकडंच राहायला गेलो, कारण तिच्या दारातनं निपाणीला बस होती आणि आमच्या गावाहून नव्हती. सकाळी कॉलेजला जायच्या आधी आणि संध्याकाळी आल्यावर दुधाची किटली डेअरीत पोचवायची, एवढंच माझ्याकडं काम होतं. बाकी सगळं ती बघायची. पेंड भिजवणं, शेण काढणं, धार काढणं आणि मला जेवायला वाढताना "परीक्षा कधी हाय रं?" असं विचारणं, हेही त्याच दमात.

त्या वर्षांत मी एक शब्द रोज ऐकला. फॅट. डेअरीत दूध ओतलं की थोडं यंत्रात घालतात आणि आकडा येतो. त्या आकड्यावर दर ठरतो. पण गावात तो आकडा नुसता दराचा नसतो. "किती लागली?" असं एक बाई दुसरीला विचारते तेव्हा ती काय विचारतेय ते दुसरीला सांगावं लागत नाही. साडेसात लागली म्हटलं की मान जरा वर. सहाच्या खाली गेली की "काल पाऊस लागला म्हशीला", "वैरण बदलली", अशी कारणं सुरू. फॅट जास्त म्हणजे म्हैस चांगली, म्हैस चांगली म्हणजे घरधनीण चांगली. एसएनएफ, म्हणजे फॅट सोडून दुधातला बाकीचा घट्ट भाग, असा आणखी एक आकडा त्याच्या शेजारी यायचा. तो कमी आला तर दुधात पाणी असल्याचा संशय, एवढंच त्याचं महत्त्व. आक्काची फॅट गावात पहिल्या दोन-तीन घरांत असायची, आणि त्यासाठी ती कष्टही तसेच घ्यायची.

आता कुत्र्याबद्दल. दाजी एकदा मुधोळकडं कुणाच्या तरी लग्नाला गेले आणि येताना पिशवीत पिल्लू घेऊन आले. लांब तोंडाचं, लांब पायांचं, शिकारी जातीचं. मोठं झाल्यावर त्याचं पोट पाठीला चिकटलेलं, बरगड्या मोजून घ्याव्यात अशा. ती जातच तशी असते. तरुणपणी ते ऊस तुटलेल्या रानात सशामागं पळायचं तेव्हा बांधावरची माणसं काम टाकून बघत उभी राहायची. पण पळताना बघणारे थोडे आणि दारात बसलेलं बघणारे जास्त. आक्काच्या म्हशी तुकतुकीत आणि त्यांच्या शेजारी हे कुत्रं. डेअरीच्या रांगेत एक शेजारीण सगळ्यांसमोर म्हणाली, "तुझ्या म्हशी दारातनं आत मावंनात, आन् कुत्रं बघावं तर सायकलीची ट्यूब! त्याला काय फकस्त वास देतीस व्हय गं?"

सगळ्या हसल्या. आक्काही हसली. पण घरी येऊन तिनं त्या दिवशी कुत्र्याला दोनदा भाकरी चुरून घातली. हाताखालचं जनावर बारीक दिसणं तिला सहन होत नाही. माझ्या बाबतीतही तेच होतं. कॉलेजात मी बारीक दिसतो असं कुणी म्हटलं की माझ्या ताटात तुपाची धार वाढायची.

मला बेळगावात एका कॉलेजच्या ऑफिसात नोकरी लागली. पहिल्या पगारापासून माझ्या डोक्यात एकच होतं, आक्कासाठी काहीतरी घ्यायचं. साडी घेतली, ती तिनं नणंदेला दिली. मिक्सर नेला, तो अजून खोक्यात आहे. "हात हाईत की मला," म्हणते. मग एकदा ती डोळे तपासायला माझ्याकडं आली. चष्मा झाला, आणि परत येताना आम्ही कॅम्पातनं चालत होतो. तिथं लष्करातली कुटुंबं राहतात, त्यांच्या घरी चांगली चांगली कुत्री असतात, म्हणून कुत्र्यांच्या खाण्याची दुकानंही आहेत. काचेतनं पिशव्यांची रास दिसली. पिशवीवर चमकणारं, छाती भरलेलं कुत्रं. आक्का थांबली. नवा चष्मा वर-खाली करून बघितलं आणि म्हणाली, "हे खाऊन तसं हुतंय व्हय रं?"

तिनं आयुष्यात पहिल्यांदा माझ्याकडं काहीतरी मागितलं होतं. मला इतका आनंद झाला की मी तिला हाताला धरूनच दुकानात नेलं.

दुकानदार हिंदीत बोलत होता, आक्का मराठीत, आणि दोघांचं बरोबर चाललं होतं. पिशवीच्या मागं बारीक इंग्रजीत आकडे होते. मी वाचून दाखवू लागलो. फॅट हा शब्द ऐकल्याबरोबर आक्कानं कान टवकारले.

"हितं पण फॅट लावत्यात?"

"लिहिलेली आहे. ह्यात दहा."

"आन् त्यात?"

"बारा. ह्या निळ्या पिशवीत सोळा."

"आन् ती वरची?"

वरच्या पिशवीवर वीस होतं. आक्कानं दुकानदाराकडं असं बघितलं, जणू गावातल्या सगळ्या म्हशींत पहिली आलेली म्हैस त्यानं फळीवर लपवून ठेवली होती. "तीच द्या."

"हे दुसरं काय हाय, तीस?" तिनं विचारलं.

"प्रोटीन."

"ते एसएनएफ असंल," ती म्हणाली, आणि विषय संपला.

दुकानदार म्हणत होता की ही पिशवी पळणाऱ्या, काम करणाऱ्या कुत्र्यांची आहे, तुमच्या कुत्र्याचं वय काय? आक्का म्हणाली, "लई पळतंय." ते पळायचं, हे खरं होतं. पण ते आता म्हातारपणाकडं झुकलं होतं आणि दिवसभर गोठ्याच्या दारात पडून असायचं, हे आम्हा भावाबहिणीच्या मनातही आलं नाही. मलाही वीस हा आकडा भारीच वाटला. मीही त्याच डेअरीच्या रांगेत वाढलो होतो.

पुढचे काही महिने फोनवर कुत्र्याची प्रगती ऐकायला मिळायची. अंग भरलं. बरगड्या झाकल्या. शेजारीण म्हणाली, आता कुठं घरातलं दिसायला लागलंय. आक्कानं पिशवीवरच भागवलं नव्हतं. त्या दाण्यांवर ती सकाळची साय घालत होती, संध्याकाळी तुपाची बेरी. दाजी फोनवर तक्रार करायचे, "लगीन झाल्यापासनं मला एवढी फॅट कधी घातली न्हाय हिनं." मागनं आक्काचा आवाज यायचा, "तुमी राखण करा गोठ्याची, तुमाला बी घालतो."

मग एका सकाळी ऑफिसला निघताना फोन आला. आक्काचा आवाज वेगळा होता. "काय खाईना झालंय रं. उलट्या कराय लागलंय. पुढचं पाय पसरून, मागनं वर होऊन उभारलंय. हात लावला पोटाला तर वराडतंय."

मी म्हटलं, घेऊन या. दाजींनी मित्राची ओम्नी काढली. मी रजा टाकून काकतीजवळ हमरस्त्यावर जाऊन थांबलो, कारण दाजी शहरात शिरले की चुकतात. गाडीत आक्का मागच्या सीटवर, मांडीवर कुत्र्याचं डोकं. तिनं नवा चष्माही घातला नव्हता. मी गाडीत बसलो तर ती एवढंच म्हणाली, "ते माझ्याकडं बघतच न्हाय."

प्राण्यांच्या डॉक्टर एक तरुण बाई होत्या. घरची भाषा कन्नड, मराठी आमच्यासारखीच चांगली. त्यांनी पोट दाबून बघितलं, रक्त घेतलं आणि विचारलं, "खायला काय घालता?"

आक्कानं सांगितलं. साय, बेरी, पिशवीतलं खाणं.

"पिशवीतल्या खाण्यात फॅट किती आहे, बघितलंय?"

"वीस!" आक्का म्हणाली. एवढ्या काळजीतही तिच्या आवाजात डेअरीच्या रांगेतली ती ऐट आली. मग डॉक्टरांचा चेहरा बघून तिनं आवाज खाली आणला. "कमी हाय का, बाई?"

डॉक्टर हसल्या नाहीत, याबद्दल मी त्यांचा आजही आभारी आहे. त्यांनी स्टूल ओढून आक्काला बसवलं. पोटात स्वादुपिंड नावाचा एक अवयव असतो, खाल्लेलं पचवायचा रस तो तयार करतो, त्यालाच सूज आली आहे, असं त्यांनी सांगितलं. नेमकं कशानं झालं हे छातीवर हात ठेवून सांगता येत नाही, पण अंगावर चरबी आणि खाण्यात एवढं तूप असल्यावर हे व्हायची भीती वाढते. ती पिशवी वाईट नाही, आक्का, त्या म्हणाल्या, पण ती तुमच्या कुत्र्याची नाही. आता सलाईन लावू, औषध देऊ, दोन-तीन दिवस इथंच ठेवू.

"वाचंल न्हवं?"

"वाचवायचंच आहे. पण पुन्हा असं झालं तर मला असं सांगता येणार नाही."

ते दिवस आक्का माझ्या खोलीवर राहिली. सकाळ-संध्याकाळ दवाखान्यात जाऊन बसायची. मी काही बोललो की म्हणायची, "त्याला तेवढं खायला घातलं, म्हणून आजारी पडलं? उपाशी ठेवलं असतं तर बरं असतं व्हय?" हा प्रश्न ती मला नाही, स्वतःला विचारत होती. तिच्या सगळ्या आयुष्याचा हिशेब सरळ होता. खायला घाल, जनावर सुधारतं. म्हैस सुधारली, भाऊ सुधारला. मग कुत्र्याचंच काय बिघडलं?

तिसऱ्या दिवशी कुत्र्यानं चमचाभर मऊ भात खाल्ला आणि शेपूट एकदा जमिनीवर आपटलं. आक्कानं डॉक्टरांच्या डोक्यावरून हात फिरवून बोटं मोडली. त्या लाजल्या.

सुट्टी देताना डॉक्टरांनी कमी फॅटचं, दहा टक्केवाल्या पिशवीतलं खाणं सांगितलं. काउंटरवर ओल्या खाण्याची पाकिटं पण होती. आक्कानं मला वाचायला लावलं. फॅट तीन. तिला हायसं वाटलं. "ही दहावाली पिशवी कशाला मग? ह्यात तीनच हाय!" मलाही तसंच वाटलं. डॉक्टर म्हणाल्या, तसं नाही, त्या पाकिटात पाणी आहे, पाणी काढून हिशेब करा. त्यांनी कागदावर भागाकार करून दाखवला. मी वाणिज्याचा, मला टक्केवारी कळली. आक्कानं मान हलवली, पण ती कळल्याची मान नव्हती. शाळेत चौथीपर्यंत तिनं ती मान हलवली आणि मग शाळा सुटली, असं तीच सांगते.

घरी गेल्यावर रोज फोन. दाजींनी दुसरीच पिशवी आणली, त्यावर बारीक पिल्लाचं चित्र आहे, चालंल का? जावेनं सांगितलं प्रोटीन पण बंद कर. साय नाही, पण ताक चालतं का? कुत्र्याच्या बरगड्या परत दिसायला लागल्या आणि डेअरीत परत बोलणी सुरू झाली. मी फोनवर समजावून सांगायचो, ती "व्हय, व्हय" म्हणायची, आणि दुसऱ्या दिवशी तोच प्रश्न. मला खरी भीती बरगड्यांचीच होती. आज ना उद्या तिला राहवणार नाही आणि ती चमचाभर साय घालणार, मग आणखी चमचाभर. शेवटी तीच म्हणाली, "फोनवरचं राहत न्हाय रं डोक्यात. मराठीत लिहून पाठव. मोठ्या अक्षरात. वाचून वाचून पाठ करतो."

म्हणून मी तिला पत्र लिहिलं. इतक्या वर्षांत तिला लिहिलेलं हे पहिलंच. ते असं.

*

आक्का,

नमस्कार करतो. मोठ्या अक्षरात लिहिलंय, तरी चष्मा घालून वाच.

पिशवीच्या मागं जे शब्द असतात त्यातले तीन मी सोबतच्या वेगळ्या कागदावर इंग्रजीत काढून दिलेत. तसेच दिसणारे शब्द पिशवीवर शोध. पहिला प्रोटीन, दुसरा फॅट, तिसरा ओल म्हणजे पाणी.

फॅटचं आधी सांगतो. डेअरीत आपण दूध विकतो, म्हणून जास्त फॅट चांगली. इथं आपण विकत नाही, खायला घालतो. पिशवीवरचा आकडा एवढंच सांगतो की शंभर ग्रॅम खाण्यात स्निग्ध किती आहे. ते कुणाला सोसेल, हे खाणाऱ्यावर आहे. तू दुभत्या म्हशीला जेवढी सरकी घालतेस तेवढी भाकड म्हशीला घालतेस का? नाही घालत. तुला कुणी कंजूष म्हणतं का? तसंच हे. वीसवाली पिशवी दिवसभर पळणाऱ्या कुत्र्याची. पिल्लाच्या चित्राची पिल्लाची, जाऊबाईकडं कुत्र्याचं पिल्लू आहे त्याला ती दे. आपलं आता गोठ्याच्या दारात बसून पेन्शन खातंय. त्याला डॉक्टरांनी सांगितली तीच. आणि फॅटच्या आकड्याशेजारी 'किमान' अशा अर्थाचा शब्द असतो, म्हणजे आत त्याहून जास्तही असू शकते. म्हणून पिशवी बदलायची झाली तर आधी डॉक्टरांना विचारायचं, दुकानदाराला नाही.

प्रोटीन बंद करायचं नाही. तू दुकानात त्याला एसएनएफ म्हणालीस ते अगदीच चूक नव्हतं, एसएनएफमध्ये प्रोटीन पण असतंच. दूध नासल्यावर जो घट्ट गोळा राहतो त्यात ते बरंच असतं. अंगातलं मांस त्यावर टिकतं. म्हाताऱ्या कुत्र्याचं मांस आधीच उतरत असतं, म्हणून त्याला ते लागतंच. एवढंच लक्षात ठेव की तेवढ्याच वजनाच्या प्रोटीनपेक्षा फॅट अंगाला दुपटीहून जास्त लागते. म्हणून चमचाभर साय ही चमचाभर नसते.

आता त्या ओल्या पाकिटाचं. त्यावर फॅट तीन आणि पिशवीवर दहा, तरी पाकीट जास्त तुपकट कसं? तू दिवाळीला पाच लिटर दुधाचा खवा करतेस. दुधाला फॅट सात लागलेली असते. आटून खवा किलोभर होतो. त्यातलं तूप कुठं गेलं? कुठंच नाही. पाणी गेलं. म्हणून डेअरीच्या यंत्रात खवा घालता आला असता तर त्याची फॅट पस्तीसच्या घरात लागली असती. तूप तेच, पाणी कमी. ओलं पाकीट म्हणजे दूध आणि पिशवीतले दाणे म्हणजे खवा. दुधाचा आकडा खव्याच्या आकड्याशेजारी ठेवायचा नाही. पाकिटात शंभरातलं ऐंशी पाणीच आहे. ते आटवलं तर उरलेल्या वीसात तीन फॅट, म्हणजे शंभरात पंधरा. पिशवीत पाणी दहाच, ते काढलं तर फॅट अकराच्या आसपास. डॉक्टर भागाकार करत होत्या तो हाच. तुला तो येतो, तू दर दिवाळीला चुलीवर करतेस.

ताकाचं विचारलंस. लोणी सगळं काढलेलं, पातळ, थोडंसं चालेल असं डॉक्टर म्हणाल्या, पण आत्ता नको. महिनाभरानं तपासून झाल्यावर.

बरगड्यांचं मी त्यांना मुद्दाम विचारलं. ह्या जातीच्या शेवटच्या दोन-तीन बरगड्या दिसल्याच पाहिजेत, असं त्या म्हणाल्या. दिसल्या नाहीत तर फोन करा, दिसल्या तर करू नका. डेअरीत कुणी बोललं तर हे सांग. पटलं नाही तर राहू दे. तुझ्या हाताखाली कुणी उपाशी राहिलं नाही, हे मला माहीत आहे, आणि माझं वजन बघितलं तर गावालाही कळेल.

एक गोष्ट अवघड जाणार आहे. तू साय काढायला बसलीस की ते समोर येऊन बसणार आणि तुझ्या तोंडाकडं बघत राहणार. तेव्हा त्याच्याकडं बघू नकोस. त्याला उठवून रानात फिरवून आण, दाजींना पण बरोबर ने. ते रुसलं म्हणून साय घालायची नाही आणि मनवायलाही नाही. आजारी असताना ते तुझ्याकडं बघत नव्हतं, आता बघतंय, ते बरं झालंय म्हणून. त्याला तसंच बघत राहू दे.

तुझा भाऊ